दिव्याच्या उजेडात उमटलेली शुभेच्छापत्रे

नाताळ जवळ आला की आमच्याकडील घराघरांतून गोठ्याच्या वर एक दोरी बांधली जात असे. आलेली शुभेच्छापत्रे मध्यावर दुमडून तिच्यावर वाळत घातल्यासारखी टाकायची. तिन्ही राजे, उंट, तारा, बर्फात बुडालेले एखादे परदेशी देऊळ अशी ती रंगीत माळ सहा जानेवारीपर्यंत लोंबत राही. भ्रमणध्वनीवर शुभेच्छा येऊ लागल्यापासून ती दोरी बरीच मोकळी पडली आहे. परंतु त्या माळेत एखादे पत्र वेगळे असे. परगावी, परदेशी गेलेल्या कुणा नातलगाने आपल्या कुटुंबाचा फोटोच कार्डावर छापून पाठविलेला असे. दोरी उतरविल्यावर उंट आणि देवळे रद्दीत जात. ते फोटोचे कार्ड मात्र कपाटात जाई. माणसाचा चेहरा सहसा टाकवत नाही.

हे फोटोचे शुभेच्छापत्र प्रथम कुणी, कसे आणि कशासाठी विकावयास आरंभ केला, याचा शोध घेऊ लागलो तेव्हा माझी अशी समजूत होती की, एखाद्या मोठ्या छापखान्याचे नाव हाती लागेल. प्रत्यक्षात हाती लागला तो एक स्वयंपाकघरातला दिवा. या धंद्याचे खरे माहेर छापखाना नसून अमेरिकेतील लहानलहान गावांतील घरे होत, आणि तो बहरला तो काळ साधारण 1903 ते 1920 एवढाच. परंतु त्या थोड्या वर्षांत जे घडले ते केवळ धंद्याच्या इतिहासात मावणारे नाही.

आरंभ मात्र इंग्लंडपासून करावा लागतो. लंडनमध्ये हेन्री कोल नावाचे एक उद्योगी सरकारी अधिकारी होते. 1840 साली एका पेनीत देशभर पत्र धाडण्याची जी सोय झाली, तिच्या उभारणीत त्यांचा हात होता. सोय झाली आणि नाताळात उत्तरे द्यावयाच्या पत्रांचा ढीग त्यांच्याच मेजावर येऊन पडला! त्यावर तोड म्हणून 1843 साली त्यांनी जॉन कॅलकॉट हॉर्स्ले या चित्रकाराकडून एक चित्र काढवून घेतले, त्याच्या हजार प्रती छापल्या आणि त्या हाताने रंगविल्या. उरलेल्या प्रती एक शिलिंगाला एक याप्रमाणे विक्रीस ठेवल्या. चित्रात मधोमध एक कुटुंब मद्याचे पेले उंचावीत आहे आणि दोहों बाजूंस गोरगरिबांना अन्नवस्त्र दिले जात आहे. त्या कुटुंबातील लहान मुलेही पेल्याला तोंड लावताना दिसतात म्हणून मद्यपाननिषेधवाद्यांनी टीका केली. ते असो. मुद्दा हा की, पहिल्या शुभेच्छापत्रावरही एक कुटुंबच होते. फक्त ते कुणाचेच कुटुंब नव्हते. आणि शिलिंग ही रक्कम मजुराला परवडणारी नव्हती.

खऱ्या कुटुंबाचा चेहरा कार्डावर येण्यास छायाचित्रण स्वस्त व्हावे लागले. 1854 मध्ये पॅरिसच्या दिस्देरी यांनी एकाच काचेवर अनेक लहान छबी घेण्याच्या पद्धतीचे एकस्व मिळविले. त्या छबी पुठ्ठ्यावर चिकटवून लोक एकमेकांना देऊ लागले, त्यांचे आल्बम भरू लागले. परंतु ती वस्तू हातातून हातात द्यावयाची होती. टपालाने उघडी जाणारी वस्तू म्हणजे पोस्टकार्ड. ते ऑस्ट्रियात 1 ऑक्टोबर 1869 रोजी निघाले, वर्षभराने इंग्लंडमध्ये, आणि आपल्याकडे 1879 च्या जुलैत पाव आण्याला मिळू लागले. या पहिल्या कार्डांवर चित्राला जागाच नव्हती. पुढे खासगी चित्रकार्डांना मुभा मिळाली तरी कार्डाची एक बाजू सबंध पत्त्यासाठी राखलेली असे. मजकूर लिहावयाचा तो चित्राच्या कडेला, दाटीवाटीने. 1902 मध्ये इंग्लंडने आणि 1 मार्च 1907 पासून अमेरिकेने पत्त्याच्या बाजूवर मधोमध उभी रेघ मान्य केली. उजवीकडे पत्ता, डावीकडे मजकूर. ही रेघ दिसावयास क्षुल्लक, पण तिने कार्डाची दुसरी बाजू संपूर्णपणे चित्राला मोकळी करून दिली.

त्याच सुमारास दुसरीकडे कागद तयार होत होता. लिओ बेकलंड या बेल्जियममधून अमेरिकेत आलेल्या रसायनशास्त्रज्ञाने 'व्हेलॉक्स' नावाचा फोटोचा कागद सिद्ध केला होता. 1899 मध्ये कोडॅकच्या जॉर्ज ईस्टमन यांनी तो धंदा विकत घेतला, आणि 1902 च्या सुमारास मागे पोस्टकार्डाची छपाई असलेला व्हेलॉक्स कागद दुकानांतून मिळू लागला. पाठोपाठ 1903 मध्ये 3-ए हा घडीचा कॅमेरा निघाला. त्याची निगेटिव्ह सव्वातीन इंच गुणिले साडेपाच इंच, म्हणजे बरोबर पोस्टकार्डाएवढी. मोठे करण्याचे यंत्र नको, कापाकापी नको. निगेटिव्ह कागदावर टेकवायची, उजेड दाखवायचा आणि कार्ड तयार!

हे 'उजेड दाखवायचा' प्रकरण जरा सविस्तर सांगण्याजोगे आहे, कारण सारा धंदा त्यावरच उभा होता. तोवरचे फोटोचे कागद दोन जातींचे होते. एका जातीला ऊन लागे, म्हणजे पावसाळी दिवशी धंदा बंद. दुसऱ्या जातीला किंचितही उजेड खपत नसे, म्हणजे काळोखी खोली बांधणे आले. व्हेलॉक्स या दोहोंच्या मधला होता. तो इतका मंद होता की, दिव्याची वात बारीक करून चार हात दूर उभे राहिले तर कागद निर्धास्तपणे हाताळता येई. मग निगेटिव्ह आणि कागद काचेच्या चौकटीत एकावर एक घट्ट बसवायचे, दिव्याजवळ आणायचे, वात मोठी करायची. काही सेकंदांपासून मिनिटभरापर्यंत मनात अंक मोजायचे आणि पुन्हा वात बारीक. म्हणूनच या कागदाला 'गॅसच्या दिव्याचा कागद' असे नाव पडले. खेड्यात गॅस नव्हता तेथे रॉकेलच्या कंदिलाने भागे. त्यानंतर तीन थाळ्या. पहिलीत डेव्हलपर, त्यात कोऱ्या कागदावर पाहता पाहता चेहरा उमटून येतो, आणि ज्याने ते पाहिले आहे त्याला त्याचे आश्चर्य जन्मभर पुरते. दुसरीत साधे किंवा किंचित आम्ल घातलेले पाणी. तिसरीत हायपो, जो उरलेले रसायन काढून टाकून चित्र पक्के करतो. शेवटी बदलत्या पाण्यात तासभर धुणे.

येथे आपल्या भाषेचे मला कौतुक वाटते. आपण रोल दुकानात देताना 'फोटो धुवायला टाकला' असे म्हणत असू. इंग्रजीत त्या सबंध क्रियेला उमटविण्याच्या पहिल्या पायरीचे नाव आहे, मराठीत शेवटच्या पायरीचे. आणि शेवटची पायरीच घरगुती कारागिराच्या कसोटीची होती. घाई करणाऱ्याने, किंवा विहीर दूर असलेल्याने, पाण्याची काटकसर केली की हायपो कागदाच्या तंतूंत राहून जाई. कार्ड विकले जाई तेव्हा ते सुरेखच दिसे. पिवळेपणा आणि डाग वर यावयास काही वर्षे लागत. तोपर्यंत पैसे मिळालेले असत.

अशा रीतीने जी वस्तू सिद्ध झाली ती छापील चित्रकार्डापेक्षा अगदी निराळी होती. छापील कार्ड भिंगाखाली धरले तर ठिपके ठिपके दिसतात. या कार्डात ठिपका नसतो, तो फोटोच असतो. त्या काळी उत्तम छापील कार्डे जर्मनीत तयार होत. तेथील शिळाप्रेसला शेकड्याने, हजाराने मागणी द्यावी लागे आणि माल हाती येण्यास महिने जात. मोठ्या शहराच्या चौकाचे चित्र हजारांनी खपेल. पण कॅन्सस किंवा नेब्रास्कातील चारशे वस्तीच्या गावातील धान्याच्या कोठाराचे चित्र कोण हजारांनी घेणार? गावच्या फोटोवाल्याला मात्र बारा प्रती काढणेही परवडत होते, आणि एक काढणेही. छापील कार्ड साधारणपणे सेंटाला मिळे आणि फोटोचे पाच सेंटांच्या आसपास. तरीही ते खपे, कारण त्यावर आपला गाव असे, आपली शाळा असे, किंवा प्रत्यक्ष आपणच असू.

शिवाय वेग होता. सकाळी वादळाने छपरे उडाली, संध्याकाळी त्याची कार्डे औषधांच्या दुकानात टांगलेली! पूर, आगगाडीचा अपघात, सर्कशीची मिरवणूक, नव्या चर्चची कोनशिला या सर्वांची कार्डे निघत. त्या काळी लहान गावच्या वृत्तपत्रांतून फोटो क्वचितच येत. त्यांचे काम हा दिवेवाला करी. मथळा निगेटिव्हवरच शाईने लिहायचा. शाईने उजेड अडतो, म्हणून कार्डावर अक्षरे पांढरी उमटतात. काचेच्या मागल्या बाजूने लिहिले तर सुलटे लिहिता येते पण अक्षर किंचित पुसट होते; लेपाच्या बाजूने लिहिले तर ठळक येते, पण लिहावे लागते उलटे. आजही जुन्या कार्डांवर इंग्रजी 'एन' किंवा 'एस' हे अक्षर उलटे पडलेले दिसते. त्या गृहस्थाने बाकीची सारी ओळ आरशातल्यासारखी बिनचूक लिहिली आणि तेथेच त्याची सवय त्याला फसवून गेली! छापखान्याच्या सुबक टाइपापेक्षा मला ती चूक अधिक बोलकी वाटते.

नाताळच्या शुभेच्छापत्रालाही हीच युक्ती लागू होती. काळ्या कागदात खिडकी कापायची. एकदा त्या खिडकीतून कुटुंबाची निगेटिव्ह उमटवायची आणि दुसऱ्यांदा खिडकी झाकून शुभेच्छेच्या मजकुराची. दोन वेळा दिवा, दोन वेळा मोजणी. मजकुराची निगेटिव्ह एकदा तयार झाली की ती सगळ्या गावाला पुरे. चेहरे तेवढे बदलायचे. दूरच्या पश्चिमेकडे जमीन कसावयास गेलेल्या माणसाला आईबापांकडे पाठवावयास याहून चांगली वस्तू कोणती? हे आमचे घर, ही आमची गाय, हे तुम्ही अजून न पाहिलेले नातवंड, आणि नाताळच्या शुभेच्छा. पुरावा आणि आशीर्वादाची मागणी, दोन्ही एकाच कार्डावर.

अमेरिकेच्या टपालखात्याने 30 जून 1908 रोजी संपलेल्या वर्षात 67 कोटी 77 लाखांहून अधिक पोस्टकार्डे वाहून नेली, आणि तेव्हा त्या देशाची लोकसंख्या नऊ कोटींहूनही कमी होती. यांतील बहुसंख्य कार्डे अर्थातच छापील होती. पण फोटोच्या कार्डांचा वाटाही लहान नसावा, असे आज संग्रहालयांत साठलेल्या राशींवरून दिसते.

ही कार्डे काढणारे लोक कोण होते? काही पूर्वीपासूनचे फोटोवाले होते. नेब्रास्कात सॉलोमन बुचर यांनी 1886 पासून गवताळ मातीच्या चिपांनी बांधलेल्या घरांसमोर बसलेल्या शेतकरी कुटुंबांची छायाचित्रे घेतली होती; उतारवयात त्यांनी मुलासह कार्नी गावी पोस्टकार्डांचा व्यवसाय केला. कॅन्ससमधील ऑटवा गावचे डब्ल्यू. एच. मार्टिन यांचा प्रकार विनोदी. 1908 च्या सुमारास ते दोन फोटो कात्रीने कापून एकावर एक चिकटवीत आणि त्याचा पुन्हा फोटो घेत. मग एक कणीस सबंध गाडीभर, एक ससा घोड्याएवढा! जेथे दुष्काळाने पिके करपत होती तेथील शेतकरी ही थट्टा मिटक्या मारीत विकत घेत आणि पूर्वेकडच्या नातलगांना धाडीत. मार्टिन त्यावर श्रीमंत झाले. असे भाग्य फार थोड्यांचे.

बाकीचे पुष्कळजण न्हावी होते, औषधविक्रेते होते, शाळामास्तर होते, घोडागाडीत कॅमेरा टाकून गावोगाव हिंडणारे फिरस्ते होते. अशांना गाठण्यासाठी शिकागोत एक निराळाच धंदा निघाला. 1910 नंतरच्या वर्षांत तेथील एका कंपनीने निगेटिव्हशिवाय थेट कार्डावर फोटो उमटविणारा कॅमेरा बाजारात आणला, त्याच्याखालीच रसायनाची टाकी जोडलेली. मालकाची नोकरी सोडा, जत्रेच्या नाक्यावर उभे राहा आणि स्वतंत्र व्हा, अशा थाटाच्या तिच्या जाहिराती मासिकांतून येत. जाहिरातीतील नफ्याचा हिशेब पाहिला म्हणजे त्यात गिऱ्हाईक कधीच नाकारीत नाही आणि पाऊस कधीच पडत नाही! मला वाटते, या सबंध उद्योगात ज्यांची मिळकत निश्चित होती ते कार्ड विकणारे नव्हते. कागद, रसायने आणि कॅमेरा विकणारे होते. दिवा घरचा, पाणी घरचे, रात्रीचे जागरण घरचे. पण प्रत्येक कार्डातला पहिला पैसा कोडॅककडे किंवा तिच्यासारख्या दुसऱ्या कंपनीकडे जाई.

तरीही एक गोष्ट खरी. मुद्रणकलेच्या शोधानंतर साडेचार शतकांनी प्रथमच एकट्या माणसाला, भांडवलावाचून आणि परवान्यावाचून, चित्राचा प्रकाशक होता आले. काय छापावे आणि काय छापू नये हे सांगणारा संपादक त्याच्यावर नव्हता. गिऱ्हाईक काय मागते एवढाच नियम. आणि येथून हा इतिहास अवघड वळण घेतो.

वॉल्टर हॉर्न हा मेन राज्यातला तरुण क्षयाने आजारी होता. कोरड्या हवेसाठी तो 1910 च्या सुमारास टेक्ससच्या सीमेवरील एल पासो येथे आला. नदीपलीकडे मेक्सिकोत क्रांती पेटलेली होती. हॉर्नने कॅमेरा घेतला आणि युद्धाची कार्डे काढावयास आरंभ केला. 9 मार्च 1916 रोजी पांचो व्हियाच्या लोकांनी कोलंबस गावावर छापा घातल्यावर अमेरिकन फौजेचे हजारो शिपाई सीमेवर आले. त्या प्रत्येकाला घरी पाठवावयास कार्ड हवे होते: तंबूतला, घोड्यावरचा, बंदुकीसह. त्या वर्षीच्या ऑगस्टात हॉर्नकडे दिवसाला पाच हजार कार्डे निघत होती. दिव्यावरचा धंदा कारखाना झाला. परंतु त्याच्या फार खपलेल्या कार्डांत शिपायांचे हसरे चेहरेच होते असे नव्हे. तिघा मेक्सिकन माणसांना भिंतीशी उभे करून गोळ्या घालतानाची एक मालिका होती, आणि तिला मोठी मागणी होती. आजारी मुलगा घरी पत्रे लिहून धंद्याची भरभराट कळवी. 1921 मध्ये तो वारला. त्याला क्रूर म्हणावयास माझी जीभ रेटत नाही. त्याने कुणाला मारले नाही. परंतु मरणाऱ्याचा चेहरा पाच-दहा सेंटांना विकता येतो हे त्याला कळले, आणि ते कळल्यावर तो थांबला नाही.

एल पासोहून पूर्वेला, त्याच टेक्ससमध्ये, वॅको शहर आहे. तेथे 15 मे 1916 रोजी जेसी वॉशिंग्टन या सतरा वर्षांच्या कृष्णवर्णीय शेतमजुरावर खुनाचा खटला चालला. पंचांनी चार मिनिटांत निकाल दिला. निकाल ऐकताच जमावाने त्याला न्यायालयातून ओढून नेले आणि नगरपालिकेच्या इमारतीसमोर जिवंत जाळले. पाहणाऱ्यांची संख्या दहा हजारांहून अधिक होती असा अंदाज आहे. त्यांत मुलेही होती. त्या इमारतीत कॅमेरा सज्ज ठेवून फ्रेड गिल्डरस्लीव्ह हा शहरातील नावाजलेला फोटोवाला उभा होता. एरवी शाळांचे समूह, नव्या इमारती आणि लग्ने टिपणारा हा माणूस. त्याने या घटनेचे फोटो काढले आणि त्यांची कार्डे विकली.

या एकाच ठिकाणी असे घडले असते तर त्याला वेड म्हणून सोडून देता आले असते. पण अशी कार्डे त्यापूर्वीही निघत होती. 1908 मध्ये टपालाच्या कायद्यात दुरुस्ती होऊन खून, जाळपोळ यांना चिथावणी देणारा मजकूर टपालाने पाठविण्यास बंदी झाली. त्याचा परिणाम इतकाच झाला की, कार्डे हातोहात किंवा पाकिटात घालून जाऊ लागली. जेसी वॉशिंग्टनच्या जळालेल्या देहाचे एक कार्ड आज उपलब्ध आहे. एका तरुणाने ते आपल्या आईवडिलांना लिहिले आहे. आदल्या रात्रीच्या मेजवानीचा हा फोटो असून त्यात डावीकडे फुली केलेला तो मी, असा त्याचा आशय आहे, आणि खाली 'तुमचा मुलगा' अशी सही. वाचकहो, ही रीत आपण वर पाहिली आहे. हे आमचे घर, ही आमची गाय, हा मी. तोच कागद, तीच मधली रेघ, डावीकडे मजकूर, आणि शब्दही लेकराने आईबापांना लिहावयाचेच. मला त्या कार्डात सर्वांत भयंकर वाटते ती आग नव्हे, ती फुली.

पुढे जे झाले ते त्या फोटोवाल्याच्या कल्पनेबाहेरचे होते. वर्णद्वेषाविरुद्ध लढणाऱ्या राष्ट्रीय संघटनेने एलिझाबेथ फ्रीमन या स्त्री-मताधिकाराच्या कार्यकर्तीला वॅकोस चौकशीसाठी पाठविले. तिने तेथील लोकांत मिसळून माहिती काढली आणि ती छायाचित्रे मिळविली. डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉईस यांनी ती 'द क्रायसिस' मासिकाच्या जुलै 1916 च्या अंकाबरोबर आठ पानांच्या पुरवणीत प्रसिद्ध केली. वॅकोच्या प्रतिष्ठितांना शहराची बदनामी टोचली, तेव्हा कार्डांची विक्री बंद झाली. माणूस जाळल्याने नव्हे, बदनामीने. परंतु तोवर विजयचिन्ह म्हणून विकलेली वस्तू आरोपपत्र झालेली होती. निगेटिव्हने चेहरे निवडले नव्हते. जळणाऱ्याबरोबर हसणारेही त्यात स्पष्ट आले होते.

चौदा वर्षांनी, 7 ऑगस्ट 1930 रोजी, इंडियाना राज्यातील मेरियन गावी तेच घडले. थॉमस शिप आणि एब्रम स्मिथ यांना जमावाने झाडाला फाशी दिले. लॉरेन्स बाइटलर या तेथील स्टुडिओवाल्याने फोटो घेतला, आणि सांगतात की दहा दिवस व दहा रात्री तो प्रतीच काढीत होता. पन्नास सेंटांना एक याप्रमाणे हजारो प्रती गेल्या. प्रत उमटविण्यासाठी दर वेळी कागद थाळीत बुडवावा लागतो आणि दर वेळी तेच दोन देह हळूहळू वर येतात. हजारो वेळा. त्या दहा रात्रींत त्याच्या मनात काय चालले असेल याचा विचार करू नये असे ठरवूनही तो माझ्या मनातून जात नाही.

या काळापर्यंत पोस्टकार्डाचा बहर ओसरलेला होता. 1914 च्या युद्धाने जर्मन माल थांबला, टपालाचा दर इंग्लंडात 1918 मध्ये दुप्पट झाला, टेलिफोन आला, आणि लहानसहान वृत्तपत्रेही फोटो छापू लागली. ओसरत्या लाटेचा अंदाज आधी आला तो जॉइस हॉल या तरुणाला. 1910 च्या जानेवारीत, वयाच्या अठराव्या वर्षी, तो बुटांच्या दोन खोक्यांत पोस्टकार्डे भरून कॅन्सस सिटीत उतरला होता. खासगी मजकूर उघड्या कार्डावर लिहिण्याचा लोकांना कंटाळा आला आहे हे ओळखून तो पाकिटातल्या घडीच्या शुभेच्छापत्रांकडे वळला. 1915 मध्ये आगीत सारा साठा जळाल्यावर त्याने कर्ज काढून स्वतःची छपाई सुरू केली. तीच पुढे हॉलमार्क कंपनी झाली. तिच्या पत्रांवरील कुटुंबे मात्र पुन्हा हेन्री कोल यांच्या चित्रातल्यासारखी, कुणाचीच नव्हेत अशी.

फोटोचे शुभेच्छापत्र त्यातूनही जगले, पण कारागीर बदलला. गिऱ्हाइकाने निगेटिव्ह गावच्या दुकानात द्यायची, दुकानदाराने ती शहरातल्या प्रयोगशाळेत पाठवायची, आणि आठवड्याने शुभेच्छेच्या चौकटीसह दोन डझन कार्डे परत यावयाची. दिवेवाल्याचा दलाल झाला. कोडॅकने 2005 मध्ये कृष्णधवल कागद बनविणेच थांबविले.

2000 सालच्या जानेवारीत न्यूयॉर्कमध्ये जमावबळींच्या छायाचित्रांचे व कार्डांचे प्रदर्शन भरले तेव्हा लोक थंडीत रांगा लावून उभे राहिले. जेम्स ॲलन या जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याने ती अनेक वर्षे जमविली होती. बाकीची कार्डे, म्हणजे गाय, घर आणि नातवंडांची, जुन्या बाजारातील खोक्यांत असतात. जाणकार मनुष्य तिकीट लावण्याचा चौकोन पाहून त्यांचे वय सांगतो. 'ॲझो' जातीच्या कागदाच्या चौकोनात चारही त्रिकोण वर टोक केलेले असले तर 1918 पूर्वीचे, दोन वर आणि दोन खाली असले तर त्यानंतरचे. कागदाचे वय असे वर्षांच्या हिशेबाने सांगता येते. वरच्या माणसांची नावे बहुधा कुणाला ठाऊक नसतात. ज्यांना पाठविले त्यांना ती लिहून कळविण्याची गरजच नव्हती. काही कार्डे पिवळी पडून डागाळली आहेत. काही मात्र, एखाद्या अनोळखी गावात कुणी बादलीमागून बादली पाणी ओतून ती धुतली म्हणून, काल उमटविल्यासारखी काळी-पांढरी आहेत.